नाव न विचारलेलं झाड

समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींच्या मिस्टरांची बदली झाली आणि एका रविवारी सकाळी त्यांचं सगळं सामान ट्रकमध्ये चढलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा घर रिकामं झालं होतं. दारात फक्त एक कुंडी उरली होती. वहिनींनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला आणि त्याच हातांत ती कुंडी ठेवली.

"ट्रकमध्ये हाल होतील हो याचे. तुमच्याकडे सुखात राहील. तुम्ही तर बायॉलॉजीच्या, तुम्हाला माहीतच असेल हे कोणतं झाड आहे ते."

इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण पुसदच्या ज्युनिअर कॉलेजात मी अठरा वर्षं जीवशास्त्र शिकवतेय. जिन्यात घरमालक उभे होते आणि त्यांच्या मागे माझी एक विद्यार्थिनी आईबरोबर उभी होती. मी म्हणाले, "हो, अर्थातच!" वर पानांवरून असा हात फिरवला की जणू माहेरचंच माणूस भेटलं.

ट्रक गेला. मी घरी येऊन दार लावलं आणि झाडाकडे नीट पाहिलं. मातीतून पाच-सहा जाड दांडे सरळ वर आलेले, बुडाशी गुबगुबीत आणि टोकाशी निमुळते. दांड्याच्या दोन्ही बाजूंनी पानं, गर्द हिरवी, आणि इतकी चकचकीत की कुणीतरी खोबरेल तेल लावून पुसली असावीत. पुस्तकात ज्याला संयुक्त पर्ण म्हणतात तसलं काहीतरी. माझी विद्या तिथवर आली आणि थांबली. आमच्या अभ्यासक्रमात वाटाणा आहे, जास्वंद आहे, मोहरी आहे. बैठकीच्या खोलीत ठेवायच्या झाडांबद्दल पाठ्यपुस्तक एक अक्षर बोलत नाही.

मला वाटलं, असू दे. झाड आहे, पाणी घालू, जगेल. नावावाचून कुणाचं अडतं? आणि खरंच अडलं नसतं, पण त्याच आठवड्यात सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सासूबाईंना घेऊन गावाहून आले.

महागाव तालुक्यात आमची शेती आहे. कापूस, सोयाबीन, तूर. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पन्नास वर्षं त्या मातीत काढलीत आणि पुसदला ते नाइलाज असेल तरच येतात. या वेळी तर दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होती, एकामागून एक, म्हणजे दोन महिने मुक्काम. डॉक्टरांनी बजावलं होतं: वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. तूर निघून गेली होती, वावर मोकळं होतं, त्यामुळे गावाला परत पळायला बहाणासुद्धा नव्हता. पहिला डोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते काळा चष्मा लावून गॅलरीत येऊन उभे राहिले. समोर रस्ता, खाली स्कूटी, बाजूला पाण्याची टाकी. पेरलेलं असं काहीच नाही. मग त्यांची मान वळली आणि कुंडीवर थांबली.

"हे काय लावलं सूनबाई?"

"झाड आहे, मामाजी."

"थे दिसते मले. एका डोळ्यानं दिसते. कायचं हाय?"

मी स्वयंपाकघरात काहीतरी करपत असल्यासारखी आत पळाले.

त्यांनी पान चिमटीत धरलं, नख मारलं. आधी त्यांना ते प्लास्टिकचं वाटलं होतं. नखाला ओल लागली तशी त्यांची खात्री पटली. "खरं हाय!" ते आतल्या खोलीकडे ओरडले. मग सासूबाईंना बोलावून घेतलं आणि निकाल दिला, "करंज हाय. आपल्या नाल्यावर नाई का? पान पाय."

सासूबाईंनी पान चुरगाळून नाकाला लावलं. "करंजाले वास येते. याले वासच नाई."

"शहरातलं हाय. वास गेला असन."

"मंग तुमचाबी जाईन दोन महिन्यात," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी नवरा वीज कंपनीच्या ऑफिसातून आला. त्याने फोन काढला, आजकाल फोटो काढला की फोनच नाव सांगतो म्हणाला. पहिल्या फोटोला फोन म्हणाला, कढीपत्ता. नवऱ्याने जवळून दुसरा काढला. फोन म्हणाला, नेचा. तिसऱ्याला त्याने एक लांबलचक लॅटिन नाव सांगितलं. ते आमच्यातल्या कुणाला एका दमात वाचता आलं नाही, मलासुद्धा नाही. चौथ्याला तो म्हणाला, कॉफी. त्या चारांत एक नाव अगदी बरोबर होतं हे पुढे कळलं, पण चार साक्षीदार चार साक्षी देतात तेव्हा खरा कोण हे कसं ओळखायचं?

मामाजी म्हणाले, "त्याले इचारू नोको. थे घाबरलं हाय. तोंडाले येईन थे सांगून राह्यलं."

मग ते माझ्याकडे वळले. मी एवढी शिकलेली, एम.एस्सी. झालेली, मलाही येत नाही म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं पाहिलं. काळ्या चष्म्यातून पाहिलेलं जास्त लागतं.

दुसऱ्या दिवसापासून कुंडी त्यांचं वावर झाली. आपल्याला वाकता येत नाही म्हणून त्यांनी सासूबाईंना कामाला लावलं आणि स्वतः कमरेवर हात ठेवून उभे राहिले. सकाळी एक लोटा पाणी, संध्याकाळी एक लोटा. "उन्हाबिगर पीक येते काय?" म्हणून कुंडी गॅलरीच्या कठड्याशी आली. फेब्रुवारी संपून मार्च लागला होता आणि आमच्याकडे मार्च म्हणजे काय ते कठड्याला हात लावून पाहावं. चार दिवसांत पानं पिवळी पडू लागली.

"पिवळा मोझॅक," मामाजी म्हणाले.

"मामाजी, तो सोयाबीनवर येतो."

"अन् हे सोयाबीन नाई हे तुले कसं माहीत?"

हे सोयाबीन नाही हे मला शंभर टक्के माहीत होतं, पण ज्याला हे काय आहे ते सांगता येत नाही, त्याच्या 'हे काय नाही'वर कोण विश्वास ठेवतो?

मी कॉलेजात असताना त्या दोघांनी गल्लीच्या टोकाच्या गोठ्यातून शेण आणि गोमूत्र आणवलं. माझ्या डब्यातला गूळ आणि बेसन घेतलं, बागेतली मूठभर माती घेतली आणि माझ्या फरशी पुसायच्या बादलीत जीवामृत लावलं. वावरात हे जीवामृत उत्तम असतं, मी स्वतः पाहिलंय. पण पहिल्या मजल्यावरच्या अडीच खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, बंद झाकणाखाली, मार्चच्या उन्हात तीन दिवस ठेवलं की ते फक्त झाडाचं राहत नाही. तिसऱ्या दिवशी घरमालक नाकाला रुमाल लावून जिना चढून आले.

"मॅडम, तुमच्याकडे ड्रेनेज चोक झालं का?"

मामाजींनीच दार उघडलं होतं. "नाई, जीवामृत हाय," ते आनंदाने म्हणाले. "तुमाले पायजे काय? बादलीभर उरलं हाय."

जीवामृतानंतर दोन दांडे आडवे झाले. बुडाशी मऊ पडले आणि एका सकाळी नुसते कलंडले. मामाजींचा चेहरा पाहवेना. जेवताना ते म्हणाले, "कृषी केंद्रात नेऊ. थे लोक रोज पाह्यतात."

मी स्कूटी काढली. मागे काळा चष्मा लावलेले सासरे आणि त्यांच्या मांडीवर कुंडी, असे आम्ही भर बाजारातून गेलो. माझ्या कॉलेजची निम्मी मुलं त्याच रस्त्यावर असतात. प्रत्येक चौकात कुणीतरी "नमस्कार मॅडम" म्हणालं.

दुकानात चार-पाच शेतकरी उभे होते. दुकानदाराने पान हातात घेतलं, मागून-पुढून पाहिलं आणि वही ओढली.

"किती एकर?"

"एक कुंडी," मामाजी म्हणाले.

दुकानदार सज्जन माणूस. हसला नाही. "आधी काय घेतलं होतं याच्यात?" त्याने विचारलं.

"थे आमाले माईत नाई. शेजारचीनं देल्लं."

तोवर बाकीचे शेतकरी कुंडीभोवती जमले होते. एक म्हणाला रबराचं झाड आहे. दुसरा म्हणाला, रबर नाही, हे त्याने तिरुपतीला पाहिलंय. कुठल्या जागी पाहिलं ते मात्र त्याला आठवेना. आर्णीकडचा एक म्हातारा बराच वेळ नुसता पाहत होता. तो माती बोटाने दाबून म्हणाला, "पाण्यानं मेलं हे."

"मेलं नाई अजून!" मामाजी तडकले.

"मरून राह्यलं ना पण," म्हातारा शांतपणे म्हणाला.

परत येताना मामाजी म्हणाले, म्हाताऱ्याले काई समजत नाई, पाण्यानं कोणतं पीक मरते? पण मला वाटतं ते वाक्य त्यांना लागलं होतं. घरी येताच त्यांनी सासूबाईंना वर्तमानपत्र अंथरायला लावलं आणि कुंडी पालथी करायला सांगितली. मुळं पाहू म्हणाले. मी आत पेपर तपासत बसले होते. आणि एकदम मामाजींची आरोळी आली. पेरणीला पहिला पाऊस पडल्यावर माणूस ओरडतो तशी.

"कंद! कंद निंघाला, सूनबाई! वळखलं म्या!"

मी बाहेर धावले. मातीत बटाट्याएवढे तीन-चार कंद होते, फिकट पिवळसर. काही कुजून मऊ झालेले, दोन मात्र टणक. मला पहिल्यांदा काहीतरी उमगायला लागलं, डोक्यात कुठलंसं कूळ हलायला लागलं, अळू-सुरणाचं. पण मामाजी माझ्यापुढे होते. "सुरणाच्या जातीचं हाय," ते म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "मंग भाजी होईन का याची?"

मी "आई, थांबा!" म्हणेपर्यंत मामाजींनी नखाएवढा तुकडा तोडून जिभेवर ठेवला होता. पन्नास वर्षं त्यांनी मातीसुद्धा जिभेवर ठेवून पारखलीय, आणि आता डोळ्याला नीट दिसत नव्हतं म्हणून जीभच उरली होती.

दोन क्षण काहीच झालं नाही. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

"शुया," ते म्हणाले. "शुया टोचून राह्यल्या."

तोंड धुवायला लावलं, थंड दूध दिलं, आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला: "कोणतं झाड?"

आता लपवायला जागा उरली नाही. मी डॉक्टरांना म्हणाले, एक मिनिट, आणि वहिनींना फोन लावला. आयुष्यात एवढी लाज मला क्वचितच वाटली असेल.

"वहिनी, खरं सांगते. मला त्या झाडाचं नाव माहीत नव्हतं. मी उगाच हो म्हणाले. सासऱ्यांनी त्याचा कंद चाखलाय. कोणतं झाड आहे ते?"

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, मलाही नाही माहीत. आमच्या आधीच्या भाडेकरूंनी जाताना दारात ठेवलं होतं. मला वाटलं, तुम्ही बायॉलॉजीच्या, तुमच्याकडून तरी कळेल. तर तुम्ही 'अर्थातच' म्हणालात. मग मला विचारायची लाज वाटली."

सुदैवाने मामाजींनी गिळलं काहीच नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी लावून जीभ पाहिली. "लाल आहे, सूज नाही. संध्याकाळपर्यंत बरी होईल," ते म्हणाले. मग मामाजींना विचारलं, "कशाला खाल्लं हो बाबा?"

"वळखाले," मामाजी म्हणाले.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'अनोळखी वनस्पती'. ते दोन शब्द त्यांनी लिहिले, वाचले, आणि वर माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही माझ्या मुलीला बायॉलॉजी शिकवता ना?"

मी मान हलवली.

त्या रात्री घरात कुणी झाडाचं नाव काढलं नाही. दोन टणक कंद मी दांड्यांसकट आणि ओल्या मातीसकट बादलीत टाकून गॅलरीच्या कोपऱ्यात सावलीला ठेवले. फेकायला मन होईना.

आमच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा एक बाई भाजी घेऊन येते. जवळच्या तांड्यावरची, बंजारा समाजाची, वयाने सासूबाईंएवढी. मेथी-पालकाबरोबर उन्हाळा लागला की तिच्या टोपलीत टेंभरं, चारं अशी रानफळं असतात, कधी रानातला डिंक असतो. मामाजी तिला जंगलची डॉक्टरीण म्हणत. ती आली तसे ते दारातच म्हणाले, "हिले दाखव. हिले साऱ्या जंगलातलं माईत हाय. आता झाला निकाल."

मी बादली आणून पुढे ठेवली. बाईने दांडा हातात घेतला, वास घेतला, पान मोडून पाहिलं. बरोबर तिची सून होती. दोघी आपसांत गोरबोलीत काही बोलल्या आणि खुदुखुदु हसल्या.

"काय म्हणते?" मामाजी उतावीळ झाले.

"बाप्पा, हे जंगलातलं नाई," ती म्हणाली. "हे बँकेतलं झाड हाय."

"काय?"

"बँकेतलं. आमच्या बचत गटाचं काम असते ना, थ्या बँकेत. थंड्या मशीनखाली कोपऱ्यात ठेवलं हाय. अस्संच. चकचकीत. अन् त्याले कोनी पानी नाई देत बाप्पा. दोन साल झाले म्या पाहून राह्यली. आमाले रांगेत उभं राहा लागते ना, मंग दुसरं काय पाह्यता?"

मामाजी खुर्चीत बसले. "बिना पाण्याचं?" ते पुन्हा पुन्हा म्हणाले. "बिना उन्हाचं?"

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी त्या बँकेत गेले. कोपऱ्यात, एसीखाली, पांढऱ्या कुंडीत ते उभं होतं. तीच पानं, तोच तोरा. मी दारावरच्या गार्डला विचारलं, याची निगा कोण ठेवतं. तो आधी घाबरला, त्याला वाटलं तक्रार आहे. मग म्हणाला, "म्याच पाहतो मॅडम. झेडझेड म्हणतात त्याले. यवतमाळच्या नर्सरीवाल्यानं सांगतलं होतं."

"पाणी किती देता?"

"याद आली का देतो."

"आणि याद केव्हा येते?"

गार्डने प्रामाणिकपणे विचार केला. "दिवाळीत देल्लं होतं," तो म्हणाला.

नाव हाती लागल्यावर मी घरी येऊन फोनमध्ये पाहिलं. ते लांबलचक लॅटिन नाव, तिसऱ्या फोटोचं, तेच होतं. अळू-सुरणाचंच कूळ. आफ्रिकेकडचं, कोरड्या भागातलं झाड. कंदात पाणी साठवून महिनोन् महिने काढतं. जास्त पाण्याने कुजतं, कडक उन्हाने करपतं. खायचं अजिबात नाही. हे सगळं मी मामाजींना मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं.

"पाणी नाई," ते एकेक बोट दुमडत म्हणाले. "ऊन नाई. खत नाई. फवारा नाई. डवरणी नाई."

"नाही."

"मंग याचा शेतकरी करते काय?"

वहिनींनाही फोन करून नाव कळवलं. त्या म्हणाल्या, "झेडझेड? एवढंच?" त्यांना काहीतरी भारी अपेक्षित असावं.

कंद मी स्वच्छ केले, कुजका भाग कापला, आणि रेती मिसळलेल्या कोरड्या मातीत दोन कुंड्यांत लावले. एक आमच्या बैठकीत ठेवली. दुसरी मामाजी गावाला जाताना मागून घेऊन गेले. मला आश्चर्य वाटलं. जाताना एसटीत त्यांनी ती पायाशी ठेवू दिली नाही, मांडीवर घेतली.

नंतर दर रविवारी फोन यायचा. तब्येत, पाऊस, पेरणी, आणि मग, "तुमचं काय म्हणते?" मी म्हणायचे, काहीच नाही. ते म्हणायचे, आमचंबी काई नाई. पेरलेलं आठ दिवसांत उगवताना पाहिलेल्या माणसाला हे फार कठीण गेलं. सासूबाई सांगत, हे पाणी घालत नाहीत, पण दिवसातून चारदा जाऊन उभे राहतात, आणि एकदा तर बोटाने माती उकरताना पकडले गेले. आषाढात आमच्या कुंडीतला एक दांडा वाळून गेला. मी ते फोनवर सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावाला गेलो. पहिल्या वेच्याचा कापूस घरात येऊन पडला होता आणि अर्धी खोली पांढरी झाली होती. त्या ढिगाशेजारी, खिडकीपासून लांब, स्टुलावर ती कुंडी होती. त्यात जुने दोन दांडे आणि मधोमध तीन नवे कोंब. पोपटी, बोटभर उंच, टोकाशी गुंडाळलेली पानं घट्ट मिटलेली. शेजारच्या दोन बायका खास ते पाहायला आल्या होत्या आणि मामाजी त्यांना लांबूनच दाखवत होते, हात लावू देत नव्हते. आता त्यांना चष्म्याशिवाय दिसत होतं.

बायका गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "याले फूल येते काय?"

"येतं म्हणतात. मक्याच्या लहानशा कणसासारखं. पण फार वर्षांनी, आणि आलं तर."

त्यांनी स्टूल भिंतीकडे आणखी वीतभर सरकवलं, कापसाची धूळ पडू नये म्हणून, आणि खांद्यावर दुपट्टा टाकून वावराकडे निघाले.